कुलज विकार आणि पथ्यविचार : प्रमेहाच्या आहारचिकित्सेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

मधुमेहाच्या रुग्णाची पहिली नोंद करताना आज जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : घरात आणखी कोणाला हा आजार आहे काय? आई, वडील, मामा, आत्या अशी उत्तरे येतात, कागदावर तशी खूण होते आणि काही वेळाने रुग्णाच्या हाती आहाराचा एक छापील तक्ता ठेवला जातो. त्या खुणेचा आणि या तक्त्याचा परस्परांशी काय संबंध, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. ज्याच्या आईवडिलांना दोघांनाही मधुमेह आहे तो रुग्ण आणि ज्याच्या घरात हा आजार प्रथमच शिरला आहे तो रुग्ण, दोघेही एकच तक्ता घेऊन घरी जातात.

प्रस्तुत लेखाचा हेतू आहाराविषयी सल्ला देणे हा नाही. तो अधिकार वैद्यकाच्या अभ्यासकांचा. कुळाकडून येणारा आजार आणि ताटातून येणारा आजार असा भेद पूर्वी कोणी, कसा आणि कशासाठी केला, त्यानुसार पथ्य बदलले काय, आणि हा भेद पुढे कोठे हरवला, एवढाच प्रश्न येथे इतिहासाच्या अंगाने तपासावयाचा आहे. यासाठी प्रमेह अथवा मधुमेह हा एकच विकार निवडला आहे. याचे कारण असे की, या विकाराच्या बाबतीत लिखित साधने दीर्घकाळ सलग उपलब्ध आहेत, आणि त्या साखळीचा एक महत्त्वाचा दुवा आपल्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आहे.

प्रारंभीच एक सावधगिरी नोंदविली पाहिजे. संहिताकारांचा ‘प्रमेह’ आणि आजचा ‘मधुमेह’ हे तंतोतंत एक नव्हेत. चरकाने प्रमेहाचे कफज १०, पित्तज ६ आणि वातज ४ असे एकूण २० प्रकार सांगितले आहेत. मूत्राचे प्रमाण आणि स्वरूप बिघडणारे अनेक विकार त्यात समाविष्ट आहेत; मधुमेह हा त्या २० पैकी एक होय.

संहितांमधील भेद

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील ११ व्या अध्यायाचा आरंभच एका वर्गीकरणाने होतो. प्रमेह दोन प्रकारचा : एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिला मातापित्यांच्या बीजातील दोषामुळे होतो, दुसरा अहितकर आहारामुळे. यापुढे ग्रंथकार दोन्ही रुग्णांची शब्दचित्रे रेखाटतो. सहज प्रमेहाचा रुग्ण कृश, रूक्ष, अल्प आहार घेणारा, सतत तहानलेला आणि एके जागी स्वस्थ न बसणारा असतो. अपथ्यजन्य प्रमेहाचा रुग्ण स्थूल, पुष्कळ खाणारा, स्निग्ध शरीराचा, आणि अंथरूण, आसन व झोप यांत रमणारा असतो. दोघांची चिकित्साही भिन्न आहे. कृशाला संस्कारित अन्नपान देऊन जपावयाचे, तर स्थूलाला अपतर्पण, म्हणजे आहार कमी करून शरीर हलके करण्याचे उपाय योजावयाचे.

याच अध्यायात व्यायामाचे जे प्रकार सांगितले आहेत ते वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे असे आहेत. निर्धन आणि निराश्रित रुग्णाने पायात पादत्राण व डोक्यावर छत्र न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे. धनिकाने सावा आणि देवभात यांसारख्या हलक्या धान्यांवर व आवळा, कवठ, टेंभुर्णी अशा फळांवर राहून मृगांच्या सहवासात वनात राहावे. ब्राह्मणाने शेतात सांडलेले दाणे वेचून निर्वाह करावा. इतरांनी सतत नांगर धरावा अथवा विहीर खणावी. आणि एवढे सांगून झाल्यावर ग्रंथकार बजावतो की कृश रुग्णाचे मात्र सदैव रक्षण करावे. सल्ला रुग्णाच्या देहाप्रमाणे तर बदलतोच, पण त्याच्या आर्थिक व सामाजिक स्थितीप्रमाणेही बदलतो. धनिकाला सांगितलेले पथ्य नीट पाहिले तर ते गरिबाचे रोजचे जेवण आहे, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही.

चरकाने हाच विचार थोड्या वेगळ्या रीतीने मांडला आहे. चिकित्सास्थानाच्या ६ व्या अध्यायात तो स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे दोन प्रमेही सांगतो. पहिल्याला संशोधन आणि दुसऱ्याला बृंहण, म्हणजे पोषण, विहित आहे. रोगाची कारणे सांगताना सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही, दूध, नवे धान्य, पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे मांस आणि गुळाचे पदार्थ अशी यादी येते. पथ्यात सर्वांत मोठे स्थान जवाला आहे. जवाचा भात, जवाचे सत्तू, जवाचे अपूप असे कितीतरी प्रकार सांगितले आहेत. (आपल्याकडे सातू हा शब्द मुळात या जवासाठीच आहे; आज घरोघरी जे सातूचे पीठ म्हणून मिळते त्यात बहुधा भाजलेले गहू आणि डाळे असते. शब्द टिकला, धान्य बदलले.)

याच अध्यायाच्या शेवटाकडे चरक एक कठोर निर्णय देतो. मधुमेही मातापित्यांपोटी जन्मलेला प्रमेही बीजदोषामुळे असाध्य होय, आणि जे जे विकार कुलज आहेत ते सर्व असाध्यच मानले जातात, असा त्याचा आशय आहे. येथे सुश्रुत आणि चरक यांच्या भूमिकेतील अंतर ध्यानात घेणे आवश्यक आहे. सुश्रुताच्या दृष्टीने जन्मजात असणे हा पथ्य बदलण्याचा आधार आहे. चरकाच्या त्या वचनात तो उपचाराची मर्यादा सांगणारा निकाल आहे. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य मराठी घरांतून आजही दोन्ही अर्थांनी उच्चारले जाते. कोणी त्यामुळे जपून जेवतो, तर कोणी त्याच कारणाने पानात आणखी एक जिलेबी वाढून घेतो.

अलीकडच्या लेखनात सुश्रुताचा सहज प्रमेह म्हणजे आजचा प्रकार १ चा मधुमेह आणि अपथ्यनिमित्तज म्हणजे प्रकार २ चा मधुमेह, असे समीकरण सर्रास मांडले जाते. शरीराच्या वर्णनापुरते ते आकर्षक वाटते. परंतु आनुवंशिकतेच्या बाबतीत ते उलटे पडते. एकरूप जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, एका भावंडाला आजार असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण प्रकार २ मध्ये प्रकार १ पेक्षा अधिक असते. म्हणजे ज्याला आपण ताटाचा आजार समजतो, तोच कुळात अधिक घट्ट रुजलेला आहे. बीज आणि ताट या दोन स्वतंत्र पेट्या नव्हेत, ही गोष्ट या एका उदाहरणातून स्पष्ट होते. प्राचीन ग्रंथात आधुनिक शोध आधीच होते असे दाखविण्याच्या घाईत त्या ग्रंथाचा खरा प्रश्नच आपल्या हातून निसटतो.

मातेचे ताट

चरकसंहितेत आणखी दोन स्थळे अशी आहेत की ज्यांच्याकडे पथ्यविचाराच्या चर्चेत फारसे लक्ष जात नाही. विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात माणसाची प्रकृती कशी ठरते हे सांगताना ग्रंथकार शुक्र-शोणित, काल व गर्भाशय, मातेचा आहारविहार आणि महाभूतांचे विकार असे घटक देतो. म्हणजे जन्मतः जे मिळते त्यात बीजाखेरीज गर्भाशय आहे आणि आईचे जेवणही आहे. शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायात गर्भिणीच्या कोणत्या अतिरेकी सवयीमुळे अपत्यात कोणता दोष येतो याची यादी आहे. तेथे नित्य गोड खाणाऱ्या स्त्रीचे मूल प्रमेही, मुके अथवा अतिस्थूल होते असे विधान आढळते.

या विधानाचे शास्त्रीय मूल्य काहीही असो, इतिहासाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, आनुवंशिकता आणि आहार यांच्यामध्ये गर्भकाळ नावाचा तिसरा टप्पा आहे, याची जाणीव येथे व्यक्त झाली आहे. दुसरी अशी की, हा दोष मातेच्या जिव्हालौल्याचा मानला आहे. तिच्यापाशी निवड आहे आणि तिने ती चुकीची केली, असे या यादीने गृहीत धरले आहे. हे गृहीतक पुढे पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

आहाराच्या सामान्य नियमांतही चरक खाणाऱ्याला विसरत नाही. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराची आठ आयतने दिली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदार्थाचा स्वभाव, त्यावरील संस्कार, त्याचे प्रमाण, हे सर्व पाहून झाल्यावर शेवटी जेवणारा माणूस येतो, आणि त्याच्यावर ओकसात्म्य, म्हणजे सवयीने अंगवळणी पडलेले अन्न, अवलंबून असते. सवय ही घरात लागते. तेव्हा ओकसात्म्यात कुळाचे स्वयंपाकघर आपोआप येते.

युरोपातील पथ्ये

युरोपीय वैद्यकात मधुमेहाच्या पथ्याचा आधुनिक इतिहास साधारणतः जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्यापासून सांगितला जातो. त्याने १७९७ मध्ये दोन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी मेरेडिथ नावाच्या स्थूल अधिकाऱ्याला त्याने मुख्यत्वे प्राणिज आहारावर ठेवले होते व त्याची प्रकृती सुधारली. पुढे फ्रान्समध्ये बूशार्दा याने १८७०-७१ मधील पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे रुग्णांच्या मूत्रातील साखर घटते असे पाहिले. १८८० मध्ये लांसरो याने ‘कृश मधुमेह’ आणि ‘स्थूल मधुमेह’ असा भेद मांडला. हा भेद सुश्रुताच्या भेदाशी किती जुळतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र दोघांनी स्वतंत्रपणे एकच दृश्य पाहिले असावे, एवढेच अनुमान येथे पुरेसे आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने उपासमारीची चिकित्सा रूढ केली. अत्यल्प आहारावर रुग्ण काही महिने, क्वचित काही वर्षे तगत. त्यांत लहान मुलेही होती. कृशाचे सदैव रक्षण करावे हा नियम येथे नेमका उलटा झाला. पण दुसरा उपायच नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले आणि हे दालन बंद झाले. लोकमान्य टिळकांचे निधन त्यापूर्वी दीड वर्षाच्या आत, १ ऑगस्ट १९२० रोजी झाले होते. टिळकांना मधुमेह होता, आणि मंडालेच्या कारावासात (१९०८-१९१४) तो सांभाळण्यासाठी त्यांच्यापाशी आहारनियमन हेच मुख्य साधन होते. त्यांच्या पिढीतील सुशिक्षित मधुमेहींची स्थिती याहून निराळी नव्हती.

बीजदोष असला तरी ताट बदलून जीवन वाचविता येते, याचा निर्विवाद पुरावा दुसऱ्याच एका विकाराने दिला. फिनाइलकीटोनमेह हा आईवडील दोघांकडून दोष आला तरच होणारा विकार नॉर्वेतील फॉलिंग याने १९३४ मध्ये ओळखला. १९५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे बिकेल व त्याच्या सहकाऱ्यांनी फिनाइलॲलनीन हे द्रव्य अत्यल्प असलेला आहार देऊन एका बालिकेत सुधारणा घडवून दाखविली. विकार पूर्णतः कुलज, आणि उपाय पूर्णतः आहाराचा! कुलज म्हणून असाध्य, या जुन्या सूत्राला यापेक्षा स्पष्ट अपवाद सापडणे कठीण.

वर्ग, प्रांत आणि सरासरी

वसाहतकालीन वैद्यकाने भारतीय मधुमेहाकडे पाहिले ते कुळाच्या नव्हे, तर वर्गाच्या चष्म्यातून. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एक्झिटर येथील वार्षिक सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. हॅवलॉक चार्ल्स अध्यक्ष होते, आणि कलकत्त्याचे कैलासचंद्र बसू यांच्यासारख्या भारतीय डॉक्टरांचेही विचार तीत मांडले गेले. मधुमेह हा येथील सुखवस्तू, बैठ्या व सुशिक्षित वर्गाचा, विशेषतः बंगालमधील जमीनदार-वकिलांचा आजार आहे, असा एकूण सूर होता. गरीब कष्टकरी या चित्रात जवळजवळ नव्हताच. हे निरीक्षण त्या काळापुरते खरेही असेल. परंतु त्यामुळे ‘श्रीमंतांचा आजार’ ही प्रतिमा इतकी घट्ट झाली की ती पुढची कित्येक दशके पुसली गेली नाही.

त्यानंतर आला प्रांत. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांचे आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. शीख आहार अग्रस्थानी आला, मराठी आहार वरच्या गटात राहिला आणि भातप्रधान मद्रासी आहार तळाला. या प्रयोगाने दूध, अखंड धान्य आणि भाज्या यांचे महत्त्व प्रस्थापित केले हे खरे. पण प्रत्येक प्रांताचा एकच एक आहार असतो, ही कल्पनाही त्याने रूढ केली. देशस्थाचे, कोळ्याचे आणि धनगराचे ताट एकाच ‘मराठी’ उंदराला वाढणे हा प्रकार आज गमतीचा वाटतो.

तिसरा टप्पा सरासरी माणसाचा. मॅकॅरिसन यांच्यानंतर कुन्नूरच्या प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेणाऱ्या डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये आणि समाधानकारक आहाराचे नियोजन या विषयावरील पुस्तिका सिद्ध केली. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली व राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या कोष्टकांनी महाविद्यालयीन गृहविज्ञानाच्या किमान तीन पिढ्या घडविल्या. ‘समतोल आहार’ हा शब्द आपल्या शालेय पुस्तकांत आला तो या परंपरेतून. या कोष्टकांतील माणसाला वय, लिंग आणि श्रमाचे प्रमाण आहे. त्याला कूळ नाही आणि आजारही नाही. याचा दोष त्या शास्त्रज्ञांना देणे अन्यायाचे होईल. ज्या देशात भूक आणि त्रुटिजन्य विकार हाच मुख्य प्रश्न होता, तेथे प्रत्येकाच्या प्रकृतीचा विचार करण्यापूर्वी प्रत्येकाच्या पानात पुरेसे अन्न पडणे अगत्याचे होते. परंतु दवाखान्यातील छापील तक्ता हा या सरासरीचा वारसदार आहे, सुश्रुताचा नव्हे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्याजवळची सहा गावे

जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. टंचाईच्या काळात जी शरीरे अन्न साठवून ठेवू शकली तीच टिकली. सुबत्ता येताच तोच गुण मधुमेहाला कारण ठरला, असे या कल्पनेचे सार होते. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, हेल्स व बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी वेगळा पर्याय सुचविला. काटकसर बीजात नसून गर्भात शिकली जाते. आईच्या पोटात उपासमार झालेले मूल अल्प अन्नावर जगण्यासाठी घडते, आणि मोठेपणी भरपूर मिळाले की त्याचे शरीर ते पेलू शकत नाही. चरकाच्या यादीतील गर्भकाळ येथे निराळ्या पुराव्यानिशी परत आला, असे म्हणता येईल.

याच सुमारास, १९९३ मध्ये, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ते ३.५ किलो होते. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला खरा निष्कर्ष वजनाचा नव्हता. या लहानखुऱ्या बाळांचे स्नायू आणि उदरातील अवयव मोठ्या प्रमाणात खुजे होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश आणि आतून स्थूल!

सुश्रुताची दोन शब्दचित्रे येथे एकाच देहात एकत्र आली. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीशी वजनाचे गुणोत्तर दोघांचे एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर उभे राहून आपण कृश आहोत की स्थूल हे ठरविणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत.

या अभ्यासाचा दुसरा भाग आहाराच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्या मातांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. हा कार्यकारणसंबंध नसून सहसंबंध आहे, याची नोंद केली पाहिजे.

आता शारीरस्थानातील त्या नित्य गोड खाणाऱ्या मातेशेजारी या गावांतील माता उभी करून पाहावी. पहिलीचा दोष अतिरेकाचा, दुसरीच्या ठिकाणी अभाव. ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. दूध डेअरीला घालावयाचे असेल, मांस घरात शिजत नसेल किंवा सणासुदीलाच शिजत असेल, आणि सर्वांची पाने उठल्यावर उरलेल्यातून जेवावयाचे असेल, तर आहाराची निवड या शब्दाला तिच्या बाबतीत कितपत अर्थ उरतो? गर्भकाळाच्या नव्या सिद्धान्ताने आईवर पुन्हा एकदा नवे दायित्व टाकले आहे. ते टाकताना तिच्या पानात काय वाढले जाते याचा निर्णय कोण घेतो, हा प्रश्न वैद्यकापेक्षा समाजशास्त्राचा आणि इतिहासाचा अधिक आहे.

दुष्काळाचा मोह

गेल्या काही वर्षांत एक विधान फार लोकप्रिय झाले आहे : ब्रिटिश काळातील दुष्काळांमुळे भारतीयांना मधुमेह होतो. विद्यार्थी ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांची भीषणता वादातीत आहे. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले होते, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या दुष्काळाचे वृत्तान्त सरकारपुढे ठेवले होते. पोटात असताना उपासमार झालेल्यांत पुढे साखरेचे नियमन बिघडते, याला पुरावाही आहे. हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या व्यक्तींचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा आहे.

तथापि, हॉलंडचा पुरावा एका पिढीचा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळापासून आजच्या रुग्णापर्यंत सलग रेषा ओढण्याइतकी साधने आपल्यापाशी नाहीत. शिवाय, ही रेषा ओढली की मधल्या शतकातील सर्व काही नजरेआड होते : साखर, रेशन, बैठे काम आणि रोजच्या कमी जेवणाची न संपणारी सवय. दुष्काळ नोंदला जातो. स्त्रीचे रोजचे अर्धपोटी जेवण कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी कुटुंबांच्या देहांवर या दुसऱ्या, बिननोंदीच्या इतिहासाचा परिणाम अधिक खोल असण्याचा संभव आहे.

स्वयंपाकघराचा वारसा

मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या जोखमीचा एक गुणांक तयार केला. त्यात १०० पैकी २० गुण कौटुंबिक इतिहासाला आहेत. आईवडील दोघेही मधुमेही असल्यास २०, एकच असल्यास १०, कोणीही नसल्यास ०. उरलेले गुण वय, कमरेचा घेर आणि व्यायाम यांचे. साधेपणा हेच या गुणांकाचे सामर्थ्य आहे आणि क्षेत्रीय कामात तो उपयुक्त ठरला आहे. मात्र त्यात आहाराविषयी एकही प्रश्न नाही, आणि कुटुंबाविषयीचा प्रश्न रोगाच्या नावापाशी थांबतो.

कुटुंबाकडून माणसाला रोगाबरोबर चुलीची सवयही मिळते. महाराष्ट्राच्या बहुतेक घरांत तीन पिढ्यांत ही सवय बदलली आहे. आजीच्या हाताखाली ज्वारी-बाजरीची भाकरी होती. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा प्रारंभ झाला आणि पुढील काही दशकांत चहातला गूळ जाऊन साखर आली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी मिलो आला, मुलांना सुकडी मिळाली. त्यानंतर रेशनचा गहू आणि तांदूळ हे स्थिरावले. पोळी ही एकेकाळी सणाची अथवा पाहुण्याची. ती रोजची झाली आणि भाकरी हॉटेलात ‘खास’ म्हणून मिळू लागली. सुश्रुताने धनिकाला औषध म्हणून सांगितलेले सावा-वरीसारखे धान्य २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात शहरी दुकानांत आकर्षक वेष्टनात आले. भाव पाहता ते पुन्हा धनिकाचेच पथ्य झाले आहे.

या पार्श्वभूमीवर एकाच घरातील तीन मधुमेहींचा विचार करावा. सत्तरी ओलांडलेली कृश आजी, पन्नाशीचे स्थूल वडील आणि तिशीचा, वजनाने ‘योग्य’ पण पोटाचा घेर सुटलेला मुलगा. अर्जावर तिघांचीही खूण एकच पडते. आजीच्या बालपणात अभाव होता आणि आता तिचे जेवण मुळातच थोडे आहे. तिला आणखी कमी खा असे सांगणे हे ॲलनच्या मार्गाने जाणे होय. वडिलांना सुश्रुताचे अपतर्पण लागू पडेल. मुलाचे काय? त्याचे स्नायू कमी आणि चरबी अधिक आहे. त्याला केवळ साखर तोडण्याचा तक्ता पुरत नाही, डाळी, दूध, अंडी यांतून प्रथिने आणि अंगमेहनत यांचाही विचार करावा लागतो. हे ठरविणे अर्थातच त्यांच्या डॉक्टरांचे काम. इतिहासाचा अभ्यासक फक्त एवढे दाखवू शकतो की या तिघांचे बीज एक असले तरी तिघे तीन वेगळ्या गर्भाशयांतून आणि तीन वेगळ्या स्वयंपाकघरांतून आले आहेत.

कुलज म्हणजे अटळ नव्हे, याला भारतातच पुरावा मिळाला आहे. चेन्नई येथे झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींत आहार व व्यायामातील बदलाने रोगाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मोठा नाही, पण चरकाच्या ‘असाध्य’ या शब्दापुढे ठेवण्याइतका निश्चित आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक अंदाजिली गेली. तेव्हा पुढील पिढीतील बहुतेक घरांत ‘आणखी कोणाला आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच येणार आहे, आणि सर्वांनाच पडणारी ती खूण भेद दाखविण्याच्या कामी येणार नाही.

पुणे जिल्ह्यातील त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्या किशोरवयात, २०१२ पासून, त्यांना ब-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्याची एक चाचणी तेथे सुरू झाली. त्यांच्या पुढच्या पिढीवर याचा काय परिणाम होतो हे तपासणे हा तिचा हेतू होता. मुलींबरोबर मुलांनाही त्या देण्यात आल्या.